एड्विनचा पाला

आमच्या वॉथर्सबीच्या बोल्स क्लबाची, म्हणजे गवतावर लाकडी गोळे घरंगळत सोडायच्या खेळाच्या क्लबाची, हिरवळ क्लिफर्ड बॅराक्लफने बावीस वर्षं राखली. त्या बावीस वर्षांत तिच्यावर एकही दुधळ फुललेलं मी पाहिलं नाही. फुलायची कुणाची छातीच झाली नाही.

दुधळ म्हणजे ते पिवळ्या फुलाचं रानगवत, ज्याचा पुढे पांढरा गोल पिसारा होतो आणि फुंकर मारली की म्हाताऱ्या उडतात. यॉर्कशायरमध्ये ते कुठेही उगवतं. क्लिफर्डला ते उगवलेलं सहन व्हायचं नाही. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात मुळं उपटायचा दोन दातांचा एक छोटा काटा कायम असायचा. पुतणीच्या लग्नात चर्चच्या पायरीवर सगळे फोटोला उभे राहिले, आणि ऐन वेळी याला दोन फरशांच्या फटीत एक दुधळ दिसलं. त्या फोटोत नवरा आहे, नवरी आहे, दोन्हीकडचे आईबाप आहेत आणि मधोमध क्लिफर्डची पाठमोरी पँट आहे. पुतणीने तो फोटो आजवर भिंतीवर लावलेला नाही.

काटा हा झाला खिशातला. पाठीवर तणनाशक औषधाची पितळी टाकी निराळी. क्लबाचं संपलं की तो चर्चचं आवार फवारायचा, वाचनालयासमोरची पट्टी फवारायचा, बसथांब्याच्या कडा फवारायचा, आणि कुणी बोलावलं नाही तरी शेजाऱ्यांची अंगणं. माझ्या अंगणातली डेझीची फुलं त्याने मला न विचारता मारली, आणि वर चहाबरोबर केक आहे का म्हणून विचारलं.

गावात फक्त एका माणसाने त्याला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. बीटी ऑल्डरॉइड. क्लबाच्या भिंतीला लागूनच तिची बाग. निवृत्त परिचारिका, नवरा कधीचा गेलेला, उंच, आवाज खणखणीत. तिच्या बागेत गवत कापायचं यंत्र शेवटचं कधी फिरलं हे तिलाही आठवत नसे. दर मे महिन्यात वारा सुटला की तिकडच्या म्हाताऱ्या भिंतीवरून उडत आमच्या हिरवळीवर उतरायच्या, आणि क्लिफर्ड तिला पत्र पाठवायचा. क्लबाची चिटणीस मी, त्यामुळे ती पत्रं टाइप करायचं काम माझ्याकडे. ‘आपल्या बिया आमच्या हद्दीत येत आहेत, तरी त्वरित बंदोबस्त व्हावा.’ एकदा तिचं उत्तर आलं, ‘बियांना सांगून पाहिलं. त्या ऐकत नाहीत.’ मी ते उत्तर क्लिफर्डला वाचून दाखवलं तेव्हा हसू आवरण्यासाठी मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

तर अशा या माणसाच्या घरी सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये एड्विन आला.

एड्विन म्हणजे क्लिफर्डच्या थोरल्या बहिणीचं, हिल्डाचं, कासव. जमिनीवरचं, शिळ्या पावाएवढं, कवचावर टेंगळं आलेलं. हिल्डाची कंबर कामातून गेली आणि ती समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात राहायला निघाली. तिथे पक्षी ठेवलेला चालत होता, कासव चालत नव्हतं. तिने एड्विनला धुण्याच्या टोपलीत घातलं, टोपली क्लिफर्डच्या दारात ठेवली आणि टॅक्सी तशीच उभी ठेवून म्हणाली, “क्लिफी, याला सांभाळ. फार गुणी आहे.”

“अगं पण खातो काय हा?”

“त्याचे काही नखरे नाहीत. समोर येईल ते खातो.” आणि टॅक्सी गेली.

क्लिफर्डची बायको म्युरियल व्यवहारी बाई. तिने कोशिंबिरीचा पाला आणला, काकडी चिरली, टोमॅटोच्या फोडी केल्या. एड्विनने तीन दिवस मन लावून खाल्लं. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात जे झालं होतं त्याचं वर्णन मी करत नाही. म्युरियल सांगते की फरशी बदलावी लागली. एवढं काही झालं नव्हतं, पण खिडक्या दिवसभर उघड्या होत्या हे मी समोरून पाहिलं आहे.

क्लिफर्ड आमच्याकडे फोन करायला आला, कारण त्याच्या घरात फोनजवळ उभं राहवत नव्हतं. त्याने जनावरांच्या दवाखान्याचा नंबर फिरवला. पलीकडची मुलगी नवी असावी.

“पेशंटचं नाव?”

“एड्विन.”

“वय?”

“एक्केचाळीस. कमीत कमी.”

“तक्रार काय?”

“पोट. आणि हल्ली डोकं आत घालून बसतो, कुणाशी बोलत नाही.”

“अहो साहेब,” ती हळू आवाजात म्हणाली, “हा जनावरांचा दवाखाना आहे. तुम्हाला माणसांच्या डॉक्टरांचा नंबर देऊ का?”

शेवटी दुपारी क्लिफर्ड, म्युरियल आणि टोपली दवाखान्यात पोचली. डॉक्टर मिस पार्जिटर नुकतीच शिकून आलेली, पण पक्की. एड्विनला उचलून तिने त्याची चोच पाहिली, टेंगळं चाचपली आणि म्हणाली, “कोशिंबीर बंद. ते सगळं नुसतं पाणी. याला रानपाला लागतो. चरबरीत, कडवट, रानात आपोआप उगवलेला.”

“कुठला?” क्लिफर्डने वही काढली.

“सगळ्यात उत्तम म्हणजे दुधळ. पान, फूल, दांडा, सगळं. रोज.”

क्लिफर्डने वही मिटली आणि तो खुर्चीवर बसला. म्युरियलला इतकं हसू फुटलं की तोंडावर रुमाल दाबून ती बाहेरच्या खोलीत पळाली. तिथे एक बाई ससा घेऊन बसली होती. म्युरियलचे खांदे हलताना पाहून तिला वाटलं, हिचं जनावर गेलं. तिने म्युरियलला जवळ घेतलं. त्यामुळे म्युरियल आणखीच हसली, आणि ती बाई रडायला लागली.

आत मिस पार्जिटर सांगत होती, “फक्त एक लक्षात ठेवा. औषध फवारलेल्या जागेचं एक पानसुद्धा द्यायचं नाही.”

क्लिफर्डने वही खिशात घातली. मग म्हणाला, “डॉक्टर, या गावात औषध न फवारलेली जागा नाही.”

“अशी कशी नाही? इतकं फवारतं तरी कोण?”

“ते नका विचारू हो,” म्युरियल दारातून म्हणाली आणि परत बाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी क्लिफर्ड बसने गावाबाहेर गेला आणि जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेच्या बांधावरून पिशवीभर हिरवं घेऊन आला. तेव्हा आम्हाला कळलं की या माणसाला रोपांतलं काहीच कळत नाही. आयुष्यभर त्यांना मारलं, पण मारताना कुणी नाव विचारत नाही. एक दुधळ काय ते तो ओळखायचा, तेही फुलल्यावर. पिशवी तशीच मिस पार्जिटरकडे गेली. तिने टेबलावर ओतली आणि एकेक बाजूला केलं.

“याने हृदय बंद पडेल. याने यकृत जाईल. याने तोंड भाजेल. हे बटरकप, विषारी, हेही बटरकप. हे तुमचं बसचं तिकीट आहे.” शेवटी टेबलावर तीन पानं उरली. “मिस्टर बॅराक्लफ, कुणीतरी जाणकार गाठा.”

जाणकार गावात एकच होती.

क्लिफर्डने दोन दिवस टाळलं. तेवढे दोन दिवस एड्विनला त्या तीन पानांवर आणि म्युरियलच्या कुंडीतल्या जास्वंदीच्या फुलांवर काढावे लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी क्लिफर्डने टाय बांधला आणि मला म्हणाला, “एल्सी, तू चल.”

“मी कशाला?”

“साक्षीदार.”

बीटीने दार उघडलं. त्याला पाहिलं, मला पाहिलं, टायकडे पाहिलं. “कोण गेलं?”

“कुणी गेलेलं नाही, मिसेस ऑल्डरॉइड. मला थोडी... मला दुधळं हवी आहेत.”

मी बीटीला चाळीस वर्षं ओळखते. ती अशी सावकाश दाराला टेकली की मला कळलं, हे लवकर संपणार नाही. मग ती म्हणाली, “परत म्हणा.”

“मला दुधळं हवी आहेत.”

“थोडं मोठ्याने. वाऱ्यामुळे ऐकू येत नाही.”

वारा नव्हता. क्लिफर्ड मोठ्याने म्हणाला. रस्त्याने जाणारा दूधवाला थांबून पाहू लागला. क्लिफर्डने मग एड्विनची सगळी कथा सांगितली, पोटाच्या भागासकट. बीटीने ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. “काटा.”

“काय?”

“आतल्या खिशातला. तो इथे, पत्रपेटीत. माझ्या बागेत हत्यार चालत नाही.”

काटा पत्रपेटीत गेला आणि क्लिफर्ड आत गेला.

बीटीचे वडील लँकेशायरमधल्या गिरणीत होते, आणि रविवारी डोंगर पालथे घालून औषधी पाला गोळा करायचे. नावं, पानं, वास सगळं तिला त्यांच्याकडून आलेलं. तिने क्लिफर्डला गुडघ्यावर बसवलं. “तोडा. दूध आलं? दांडा पोकळ आहे? एका दांड्यावर एकच फूल? पान गुळगुळीत, करवतीसारखं? मग हे दुधळ. आता हे बघा. फूल तसंच. पण पानावर लव आणि दांड्याला फाटे. हे त्याचं मावसभावंड. चालतं, पण त्याला दुधळ म्हणायचं नाही.”

मग तिने पाच शिरांचं पान दाखवलं, इसबगोलाच्या नात्यातलं. ओढलं की आत दोरे दिसतात. वेलासारखी चढणारी हरणखुरी दाखवली. अंगाला लागली की खाज उठवणाऱ्या खाजोटीसारखी दिसणारी पण न चावणारी मुकी खाजोटी दाखवली. मऊ काट्यांचं दुधाळ झाड दाखवलं आणि त्याच्याच शेजारी तसंच दिसणारं, पण तोडलं तर दूध न येणारं एक. “हे विष. यकृत खातं, आणि सावकाश खातं, त्यामुळे कळतच नाही. आणि ज्याची फुलं छत्रीसारखी उघडतात, त्या सगळ्या खानदानापासून लांब राहायचं. त्यात एखादं गाजर असेल, पण त्यातलंच एक माणूस मारतं. ओळख पटली नाही तर पिशवीत नाही. कळलं?”

“कळलं,” क्लिफर्ड म्हणाला.

“मग जा, पाच पानं आणा.”

क्लिफर्ड बागेत फिरून आला. बीटीने एकेक पान उलटं करून पाहिलं. चौथं होतं फॉक्सग्लव्ह या विषारी झाडाचं कोवळं पान, लवदार आणि दिसायला साधंभोळं. बीटीने डोळे मिटले. “एड्विन वारला.”

दुसऱ्या दिवशी परत परीक्षा. “एड्विन वारला.” त्यानंतरच्या दिवशी, “एड्विन वारला, पण या वेळी सावकाश.” पहिल्या आठवड्यात एड्विन सात वेळा वारला. खरा एड्विन तेव्हा स्वयंपाकघरात बीटीने तोडलेलं दुधळ खात होता आणि त्याचं पोट ठीक होत आलं होतं. क्लिफर्ड मात्र घरी जाऊन रोज पानं वहीत चिकटवायचा, त्यांच्याखाली लिहायचा, ‘दूध: आहे’, ‘दूध: नाही’, ‘वास: मोजे’. एका शनिवारी तो आला तो पाचही पानं बरोबर घेऊन. बीटीने ती दोनदा तपासली. मग आत जाऊन तिने चहा ठेवला. पत्रं सुरू झाल्यापासून त्या घरात क्लबाच्या माणसाला चहा मिळाला नव्हता.

बीटीची बाग कितीही मोठी असली तरी एड्विनची भूक त्याहून मोठी निघाली. क्लिफर्ड आता रोज सकाळी रेल्वेच्या बांधावर जायला लागला. जुना, कोपरांवर फाटलेला कोट, गुडघ्यांना पोती बांधलेली, आणि हातात पिशवी. खाली वाकून पाला तोडायचा, दूध बघायचा, आणि खात्री पटेना तर जिभेच्या टोकाला लावून पचकन थुंकायचा. हे सगळं सकाळच्या बसमधून सगळ्या गावाला दिसत होतं.

त्याच आठवड्यात बॅराक्लफांच्या दारात पहिलं झाकलेलं भांडं आलं. मटण-बटाट्याचा रस्सा. चिठ्ठी नाही. दुसऱ्या दिवशी राईस पुडिंग. तिसऱ्या दिवशी अर्धी भाजलेली कोंबडी.

“क्लिफर्ड, आपल्याला लोक भिकारी समजायला लागलेत,” म्युरियल म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“असतील समजत,” क्लिफर्ड म्हणाला, “पण ही कोंबडी कोणाच्या हातची असेल गं?”

मला पोस्टात तिघींनी विचारलं की बॅराक्लफांकडे चूल पेटते ना. खरं सांगायला हवं होतं, हे कबूल. पण पुडिंग फार छान होतं, आणि म्युरियल एकटीला ते संपत नसल्यामुळे मला बोलवायची. मी म्हणाले, “माहीत नाही बाई,” आणि तिकिटं घेऊन निघाले.

मग पाद्रीबाबा आले. आमचे पाद्रीबाबा फार हळवे. मी तेव्हा बॅराक्लफांकडेच होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. क्लिफर्ड स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून पाला चिरत होता. पुढ्यात ताटली, ताटलीत दुधळ, हरणखुरी, आणि वर सजवायला एक पिवळं फूल.

पाद्रीबाबा ताटलीकडे पाहत राहिले. “क्लिफर्ड... हे जेवण?”

“हो. पण माझं नाही, एड्विनचं.”

“एड्विन कोण?”

“आमच्या हिल्डाचा. ती आश्रमात गेली ना, तेव्हापासून आमच्या गळ्यात आहे. आत्ता फ्रीजच्या मागे झोपलाय.”

“फ्रीजच्या मागे?”

“ऊब असते तिथे.”

पाद्रीबाबांनी टोपी छातीशी धरली. “आणि त्याला तुम्ही पालाच देता?”

“दुसरं काही दिलं की घाण करतो हो. म्युरियलचा जीव नकोसा झाला होता. पाला सुरू केल्यापासून सुधारलाय. परवा तर उन्हात सोडला होता. जरा वेळ पाठीवर पाणी ओतलं. खूश झाला.”

“कपडे तरी...”

“कपडे कशाला?”

मी खिडकीकडे तोंड केलं. पाद्रीबाबा थरथरत्या आवाजात प्रार्थना म्हणू लागले. तेवढ्यात फ्रीजमागून खर्रर्र आवाज आला आणि ताटलीचा वास लागलेला एड्विन टेंगळं घासत बाहेर आला. पाद्रीबाबा त्याच्याकडे पाहत पाहत हळूहळू खाली स्टुलावर बसले. “देवाची कृपा,” ते म्हणाले. आणि मग थोड्या वेळाने, “मी तुमच्यासाठी तीन घरांमधून कोंबडी मागवलीय.”

भांडी बंद झाली. पण त्या दिवशी पाद्रीबाबांनी एड्विनच्या पाल्यासाठी चर्चचं आवार पुन्हा फवारू द्यायचं नाही असं ठरवलं, आणि क्लिफर्डने टाकी स्वतःहून अडगळीत ठेवली. क्लबाच्या हिरवळीवरची दुधळं तो तेव्हापासून हाताने उपटतो. जूनमध्ये शेजारच्या गावाशी सामना आम्ही हरलो, कारण क्लिफर्डने आपला गोळा टाकायच्या ऐन क्षणी भिंतीखाली मुकी खाजोटी पाहिली आणि त्याचा हात वळला. काही सभासदांनी कुरकुर केली. म्युरियलने त्यांना स्वतः केलेलं पुडिंग वाढलं.

ऑगस्टमध्ये हिल्डा भेटायला आली. काठी टेकत, नवी हॅट घालून. बीटी चहाला आलेलीच होती. क्लिफर्डने एड्विनची ताटली अभिमानाने पुढे केली, सहा प्रकारचा पाला, आणि प्रत्येकाचं नाव सांगायला सुरुवात केली. हिल्डाने नाक मुरडलं. “हा काय कचरा घालतोस रे त्याला?” तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जॅम-सँडविच.

एड्विन मान लांब काढून असा काही धावला की पहिल्यांदाच मला कळलं, कासवाला धावता येतं.

“एक्केचाळीस वर्षं,” हिल्डा म्हणाली, “रोज चार वाजता जॅम-सँडविच. रविवारी कस्टर्ड. तुला सांगितलं होतं ना, नखरे नाहीत त्याचे.”

क्लिफर्डचा चेहरा पांढरा पडला. त्याने एड्विनच्या तोंडातून सँडविच ओढायचा प्रयत्न केला. एड्विनने सोडलं नाही. “हिल्डा, तू याला विष घालत होतीस! ही टेंगळं बघ! ही चोच बघ, पोपटासारखी वाढलीय! मिस पार्जिटरने सांगितलं, सगळं तुझ्या खाण्याने झालंय!”

“मला वाटलं,” हिल्डा शांतपणे म्हणाली, “त्याचा चेहराच तसा आहे.”

दोघं बहीणभाऊ मग असे काही भांडले की त्यात त्यांच्या आईचं घड्याळ, एकोणीसशे बत्तीसमधली सायकल आणि कुणाचं तरी मांजर सगळं निघालं. शेवटी बीटीने ताटातलं हरणखुरीचं फूल उचललं आणि हिल्डाच्या हातात दिलं. “तुम्ही द्या. तुमच्या हातून खाईल.” एड्विनने जॅम संपवलं होतं. त्याने हिल्डाच्या बोटांचा वास घेतला आणि फूलही खाल्लं.  जाताना हिल्डाने क्लिफर्डच्या वहीतलं हरणखुरीचं पान मागून घेतलं.

ऑक्टोबरात एड्विनने खाणं सोडलं. क्लिफर्डने हाय खाल्ली, पण मिस पार्जिटर म्हणाली, कासवं हिवाळाभर झोपतात, त्याची वेळ झालीय. पेंढ्याच्या पेटीत तो झोपला. क्लिफर्ड हिवाळाभर दर आठवड्याला त्याचं वजन करायचा आणि आम्हाला येऊन सांगायचा, जणू कुणाचं बाळ आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, थंडी कडाक्याची असताना, सकाळी माझं दार वाजलं. “उठलाय,” क्लिफर्ड म्हणाला. “आणि खायला मागतोय. बाहेर काहीच उगवलेलं नाही.”

आम्ही सगळे रेल्वेच्या बांधावर गेलो. मी, म्युरियल, बीटी आणि वाटेत भेटलेले पाद्रीबाबा. ओल्या मातीत तासभर शोधलं. मग पाद्रीबाबा वरून ओरडत आले, मुठीत पिवळी फुलं. “सापडलं! दुधळ! किती आहेत बघा!”

क्लिफर्डने फुलं घेतली आणि दांडा बघितला. “पानं कुठायत?”

“पानं नव्हती. नुसती फुलंच.”

“आणि दांड्यावर हे खवले कसले? बाबा, ही शिंगरखुरी. हिला आधी फूल येतं, पानं मागून. यकृताला वाईट.” तो वैतागून म्हणाला, “तुम्ही आज एड्विनला मारलं असतं. टाका ती खाली. आणि हात धुवा.”

पाद्रीबाबांनी मुकाट्याने फुलं टाकली. बीटीने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. इतक्यात म्युरियल बांधाच्या दक्षिणेकडून हाका मारायला लागली. दगडाच्या आडोशाला, जमिनीला चिकटून, चार पानं होती. क्लिफर्ड पोत्यांसकट गुडघ्यावर बसला, एक पान तोडलं, मोडलं, आणि आम्हाला दाखवलं. टोकावर पांढरा थेंब आला होता.